घरातील तरणतलाव आणि लहान मुलांची सुरक्षितता

जबलपूर : एकेकाळी गोंड राजांची राजधानी असलेला गढा आज जबलपूर शहराचाच एक भाग आहे. राजा संग्रामशहाच्या नावाचा संग्रामसागर, देवताल, सूपाताल हे जलाशय याच परिसरातले. शहरात इतरत्र राणी दुर्गावतीच्या नावाशी जोडलेला राणीताल, तिच्या दासीची आठवण सांगणारा चेरीताल आणि दिवाण आधारसिंह यांच्या नावाचा आधारताल आहे. यांपैकी काही तलाव बुजले आणि त्यांची नावे तेवढी वस्त्यांना उरली. तरीही ‘बावन्न तालांचे शहर’ ही जबलपूरची ओळख लोकांच्या तोंडी कायम आहे.

अशा तलावांचे पाणी साऱ्या गावाचे असे. घाटाच्या पायऱ्यांनी माणूस पाण्यात हळूहळू उतरत असे आणि काठावर बहुतेक वेळा कोणी ना कोणी असे. बुडण्याच्या घटना तेव्हाही घडत. पण पाण्यापाशी मुलगा एकटा दिसला तर त्याला हाकलणारे चार लोक तेथे असत. शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या बंगल्यांत आणि शेतघरांत जे तरणतलाव बांधले जात आहेत, त्यांची रचना नेमकी उलट आहे. त्यांच्या भिंती सरळ उभ्या आहेत, काठ गुळगुळीत आहे आणि भोवती खासगी आवाराची शांतता आहे. मुलगा पाण्याकडे निघाला, तर त्याला पाहणारे घरच्यांखेरीज कोणीही नसते. म्हणूनच घरातील तरणतलाव सुरक्षित करणे म्हणजे, घरच्यांची नजर क्षणभर चुकली तरी मूल पाण्यापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था करणे होय.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. दहापैकी नऊ मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये बुडून झालेल्या ३८ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला.

भारतातील बहुतेक मृत्यू नदी, तलाव, विहीर, कालवा अशा ठिकाणी होतात. घरगुती तरणतलावांचा त्यांतील वाटा लहान आहे. परंतु हा धोका माणसाने स्वतः पैसे खर्च करून दाराशी आणलेला असतो आणि तो आवरण्याचे उपायही त्याच्याच हाती असतात. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यातील एका भाड्याच्या बंगल्यात दोन वर्षांचा मुलगा तरणतलावात बुडून मरण पावला. कुटुंब घरात असताना अशी घटना घडू शकते, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच जाणवले.

मूल बुडते तेव्हा काय घडते

बुडणारे मूल हात हलवून हाका मारते, ही समजूत चित्रपटांनी रुजवलेली आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याची धडपड सुरू झाली की ओरडण्यासाठी श्वास उरत नाही. लहान मूल बहुधा आवाज न करता पाण्याखाली जाते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. फोनवरचे एक बोलणे किंवा दारावर आलेल्या माणसाशी झालेला एक व्यवहार एवढ्या वेळात सहज संपतो.

एक ते चार वर्षांच्या मुलांना धोका सर्वाधिक असतो. या वयात चालता येते, दाराची कडी काढता येते, पण पाण्याची भीती कळत नाही. शरीराच्या मानाने डोके जड असल्याने काठावरून वाकलेले मूल तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला स्वतःला सावरता येत नाही. त्यामुळे अवघे काही सेंटीमीटर पाणीही जीवघेणे ठरू शकते. शिवाय अशी अनेक मुले पोहण्याच्या वेळी बुडत नाहीत. मूल घरात झोपले आहे किंवा खेळत आहे, असे सर्वांना वाटत असते आणि ते नकळत तलावापर्यंत पोहोचलेले असते. ‘पोहताना लक्ष ठेवू’ हा निश्चय म्हणूनच अपुरा आहे. तलाव रिकामा, शांत आणि विसरलेला असतो ती वेळ अधिक धोक्याची असते.

चारही बाजूंचे कुंपण

सर्व उपायांत सर्वाधिक पुरावा कुंपणाच्या बाजूने आहे. मात्र ते तलावाच्या चारही बाजूंनी हवे. आपल्याकडे आवाराला भिंत असली की तलाव बंदिस्त झाला असे मानले जाते. त्या भिंतीने शेजारचे मूल अडते, घरातले नाही. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराचेच दार अशी रचना असेल तर दिवाणखान्यातून सरकते दार उघडून मूल थेट पाण्यावर पोहोचते. आवाराच्या कुंपणाशी तुलना करता, घर आणि तलाव यांच्यामध्ये आडवे येणारे चारबाजूंचे कुंपण लहान मुलांच्या बुडण्याचा धोका सुमारे ८३ टक्क्यांनी कमी करते, असे परदेशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

ऑस्ट्रेलियात ३० सेंटीमीटरहून अधिक खोल पाणी साठू शकणाऱ्या घरगुती तलावाला कुंपण बंधनकारक आहे. तेथील मानकांतील मापे आपल्याकडेही उपयोगी पडण्यासारखी आहेत. कुंपणाची उंची किमान १.२ मीटर असावी. उभ्या गजांमधील आणि जमिनीलगतची फट १० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी. आडव्या पट्ट्यांची शिडी होते, म्हणून गज उभेच असावेत. फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि आपोआप मिटून आपोआप अडकणारे असावे. खिटी जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असावी. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, कूलर किंवा झाड नसावे. चढू पाहणाऱ्या मुलाला एवढा आधार पुरतो.

फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. पाहुणे ये-जा करतात, ताटे न्यायची असतात, म्हणून वीट लागते आणि नंतर ती तशीच राहते. त्या क्षणी कुंपणावर झालेला सगळा खर्च व्यर्थ ठरतो. दर महिन्याला फाटक अर्धवट उघडून सोडून द्यावे. ते स्वतः मिटून खिटी पडली नाही तर बिजागरीची दुरुस्ती त्याच दिवशी करावी.

फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना कुंपण, धोक्याची सूचना देणारी घंटा, सुरक्षा-आच्छादन किंवा छत यांपैकी एक साधन सक्तीचे केले. भारतात घरगुती तलावांसाठी असा देशव्यापी स्वतंत्र कायदा नाही. निर्णय घरमालकावर आहे आणि जबाबदारीही त्याचीच आहे.

आच्छादनाच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवावा. पाणी उबदार राहावे किंवा पालापाचोळा पडू नये म्हणून टाकलेले पातळ प्लास्टिक हे सुरक्षा-आच्छादन नव्हे. त्यावर पाय पडताच मूल आत जाते, वरचे प्लास्टिक पुन्हा मिटते आणि पाण्यात कोणी आहे हे वरून दिसतही नाही. माणसाचे वजन पेलणारे, कडांना घट्ट बांधलेले आच्छादनच उपयोगाचे. त्यावर पावसाचे पाणी साचू देऊ नये. साचलेले पाणी हाच एक दुसरा उथळ तलाव होतो.

लक्ष कोणाचे

घरात समारंभ असला की दहा मोठी माणसे काठावर असतात आणि मुलांवर लक्ष मात्र कोणाचेच नसते. प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहत आहे. यावर साधा उपाय म्हणजे एका वेळी एकाच प्रौढ व्यक्तीकडे उघडपणे जबाबदारी सोपवणे. गळ्यात शिट्टी किंवा खांद्यावर ठरावीक रंगाचा पंचा असला की पहारा कोणाचा हे सर्वांना कळते. पंधरा मिनिटांनी ती वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन मगच पहिल्याने उठावे. पहाऱ्यावरच्या व्यक्तीला पोहता यावे. तिने मद्य घेतलेले नसावे आणि हातात मोबाइल नसावा. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल तर हात लांबवताच त्याला धरता येईल एवढ्या अंतरावर मोठे माणूस पाण्यातच असावे. मोठ्या भावंडाला लहानग्यावर ‘लक्ष ठेव’ म्हणून बसवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

दंडावर बांधायच्या हवेच्या पिशव्या आणि फुगवलेल्या कड्या ही खेळणी आहेत. त्या निसटतात, फुटतात आणि पालकांना खोटा धीर देतात. पोहणे संपले की चेंडू, बदके, कड्या पाण्यातून काढून कुंपणाबाहेर ठेवाव्यात. तरंगणारे खेळणे मुलाला पुन्हा काठाशी बोलावते. मूल घरात दिसेनासे झाले तर पलंगाखाली किंवा शेजारी शोधण्याआधी प्रथम तलावाकडे धावावे.

पाणी, निचरा आणि वीज

गढूळ किंवा हिरवट पाणी त्वचेला अपायकारक असतेच, पण त्याहून मोठा धोका असा की तळाशी गेलेले मूल त्यात दिसत नाही. काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरू नये. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीनचे प्रमाण साधारणतः लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखावे. तपासणीचा संच दुकानात मिळतो. क्लोरीनची पूड आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. दोन निरनिराळ्या प्रकारच्या क्लोरीन पुडीही एकमेकींत मिसळू नयेत. रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. ही सामग्री कुलपात, कोरड्या जागी ठेवावी.

तळाच्या निचऱ्याचा ओढा मोठ्या माणसालाही सुटता येणार नाही इतका प्रबळ असू शकतो. अमेरिकेत २००२ मध्ये एका सात वर्षांच्या मुलीचा अशाच ओढ्यात अडकून मृत्यू झाला. तिच्याच नावाने २००७ मध्ये त्या देशाने निचऱ्यावर सुरक्षित जाळी बसवणे सक्तीचे करणारा कायदा केला. जाळी फुटली किंवा हरवली असेल तर ती बदलेपर्यंत पंप बंद आणि तलावही बंद. एकाऐवजी परस्परांपासून दूर असलेले दोन निचरे असले की एकावर ओढा एकवटत नाही. पंपाचे बटण कोठे आहे, हे घरातील प्रत्येक प्रौढाला ठाऊक असावे. मोकळे लांब केस ठेवून मुलींनी निचऱ्याजवळ जाऊ नये.

तलावाच्या विद्युत जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असावी. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टपर्यंतच्या कमी दाबावर चालणारेच घ्यावेत. संगीताची यंत्रे, पंख्यांच्या लांब तारा काठापासून दूर ठेवाव्यात. वीज कडाडू लागली की पाणी सोडावे.

फुगवण्याचे तलाव आणि गच्ची

मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा दिवसांत मुलांसाठी फुगवण्याचा प्लास्टिकचा तलाव आणून तो गच्चीवर मांडण्याची प्रथा रूढ होत आहे. तेथे दोन धोके एकत्र येतात. पहिला धोका खेळ संपल्यावर उरलेल्या पाण्याचा. लहान तलाव प्रत्येक वेळी रिकामा करून उपडा ठेवावा. शिडीचा मोठा तलाव असल्यास शिडी काढून आत न्यावी.

दुसरा धोका वजनाचा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. गच्चीवर ३० सेंटीमीटर पाणी भरले की दर चौरस मीटरला ३०० किलो भार येतो. ५० सेंटीमीटर भरले तर ५०० किलो. राहत्या घरांच्या स्लॅबची रचना माणसे व सामानासाठी साधारणतः दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार गृहीत धरून केलेली असते. संरचना अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय गच्चीवर तलाव भरणे टाळावे. त्याशिवाय फुगवलेली कड कठड्याजवळ असली तर तीच मुलाला कठड्यावर चढण्याची पायरी ठरते.

सुटीतील भाड्याचा बंगला

लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी किंवा बरगी धरणाचा परिसर अशा ठिकाणी सुटीसाठी तरणतलाव असलेले घर घेणाऱ्या कुटुंबांनी पैसे भरण्यापूर्वी मालकाला चार प्रश्न विचारावेत. तलावाला चारही बाजूंनी कुंपण आहे काय? फाटकाला कुलूप लावता येते काय? खोल्यांतून थेट तलावाकडे दार उघडते काय? खोली किती आहे आणि ती काठावर लिहिलेली आहे काय? पोहोचल्यावरचा पहिला तास सर्वांत धोक्याचा असतो. मोठी माणसे सामान उतरवण्यात गुंतलेली असतात आणि मुले नवी जागा शोधायला निघतात. सामानाआधी एकाने तलाव पाहावा, दारे लावावीत आणि मगच मुलांना गाडीतून उतरवावे. घरगुती तलावात सूर मारण्यास कोणालाही परवानगी देऊ नये. उथळ तळावर डोके आपटून मानेच्या मणक्याला आयुष्यभराची इजा होते.

तलाव नसलेल्या घरांसाठी

तरणतलाव नसलेल्या घरातही पाणी असते. मोरीतील भरलेली बादली, अंगणातील हौद, जमिनीखालच्या टाकीचे उघडे झाकण, बांधकामावरील पाण्याचा खड्डा यांना हाच न्याय लागू होतो. बादली रिकामी ठेवावी, टाकीच्या झाकणाला कुलूप असावे, विहिरीवर जाळी असावी.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि शेतांत तळ्यांची संख्या वाढली. प्लास्टिकचे अस्तर टाकलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की पाय टिकत नाही. पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही आणि वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. अशा तळ्याभोवती तारेचे कुंपण, आत सोडलेला गाठी मारलेला दोर आणि टायरची ट्यूब ही किमान व्यवस्था हवी. तळ्याच्या खर्चापुढे दोराचा खर्च नगण्य आहे.

पोहणे शिकवणे

शाळकरी वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातील सावधगिरी शिकवणे हा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या प्रमुख उपायांपैकी एक आहे. केवळ हात-पाय मारणे पुरेसे नाही. पाठीवर तरंगणे, पडल्यावर वळून काठ धरणे, स्वतःच्या बळावर बाहेर येणे हे आधी यावे. विनापरवानगी पाण्याजवळ जायचे नाही, हा नियमही त्याच शिक्षणाचा भाग आहे. मात्र पोहता येणाऱ्या मुलालाही कुंपण आणि पहारा लागतोच. तलावावरील शिक्षण नदीला लागू पडत नाही, हेही मुलांना सांगावे. ग्वारीघाट किंवा भेडाघाटाच्या नर्मदेला ओढ आहे आणि तिचा तळ असमान आहे.

प्रसंग ओढवलाच तर

बुडणाऱ्याला वाचवायला गेलेली व्यक्तीही बुडाली, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. प्रथम काठावर आडवे होऊन काठी, बांबू, ओढणी किंवा साडी पुढे करावी. हात पोहोचत नसेल तर दोर बांधलेली कडी, ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा फेकावा. त्यासाठी लांब काठी आणि दोराची कडी तलावाजवळ कायम टांगलेली असावी.

मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे किंवा मिठात ठेवणे हे प्रकार आजही घडतात. त्यांतून काहीही साध्य होत नाही; उलट मोलाची मिनिटे वाया जातात आणि पोटातील पाणी फुप्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. मुलाला कडक सपाट जागी उताणे ठेवावे, हनुवटी उचलून श्वास पाहावा. श्वास चालत नसेल किंवा अधूनमधून केवळ आचके येत असतील तर तोंडाला तोंड लावून पाच वेळा श्वास द्यावा, प्रत्येक वेळी छाती उचलली जाते की नाही हे पाहत. नंतर छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि मग दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत थांबू नये. वर्षाखालील बाळासाठी तोंड व नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे आणि छाती दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी दाबावी. दुसऱ्या व्यक्तीने लगेच ११२ किंवा १०८ वर फोन करावा. कोणी एकटेच असेल तर आधी एक मिनिट हे उपचार करून मग फोन करावा. मूल शुद्धीवर आले, तरी त्याला रुग्णालयात नेऊन काही तास देखरेखीखाली ठेवावे. खोकला आणि धाप नंतरही वाढू शकते.

गढ्याच्या परिसरातच नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तथापि रुग्णालय कितीही जवळ असले तरी पहिली चार मिनिटे काठावरच्या माणसांच्याच हाती असतात. म्हणून ज्या घरात तरणतलाव आहे त्या घरातील प्रत्येक प्रौढाने, स्वयंपाकी, माळी आणि सांभाळणाऱ्या ताईंसह, सीपीआरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे आणि दरवर्षी त्याची उजळणी करावी.

तलाव बांधण्याचे अंदाजपत्रक ठरवताना कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक यांची रक्कम पहिल्याच पानावर लिहावी. ती परवडत नसेल तर तलावाचा बेत पुढे ढकलावा. आणि तलाव आधीच बांधलेला असेल तर कुंपण उभे राहीपर्यंत त्यात पाणी भरू नये.